मिरजेतलं मेमरी क्लिनिक : पाचपैकी साडेतीन, आणि दीड कुठे कापला ते

क्लिनिकचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. जाहिरात करायची नाही आणि कुणाची बदनामीपण करायची नाही, अशा ठिकाणी गेल्यावर काय होतं आणि आपण काय मागून घ्यायचं एवढंच सांगायचंय. मिरजेत हॉस्पिटलं किती आहेत ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, कर्नाटकातनंसुद्धा पेशंट येतात, त्यातल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात न्यूरोची ओपीडी आहे आणि आठवड्यातनं एक दिवस मेमरी क्लिनिक असतं. आम्ही सासऱ्यांना घेऊन जातोय, आता बऱ्यापैकी नियमित.

आधीच सांगते, ज्यांच्या घरातलं म्हातारं माणूस चष्मा कुठे ठेवला ते विसरतं एवढीच तक्रार आहे त्यांच्यापेक्षा ज्यांच्या घरात "हल्ली काही सुचतच नाही त्यांना", "फार संथ झालेत", "पाय घासत चालतात", "लघवीला लागली की थांबवत नाही" असं सगळं एकदम चाललंय आणि जोडीला बीपी, शुगर आहे, त्यांना हा रिव्ह्यू जास्त उपयोगाचा आहे. कारण आमचं तसंच होतं, आणि निघाला तो रक्तवाहिन्यांमुळे होणारा डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचं कामच हळूहळू मंदावत नेणारा आजार.

आण्णा, म्हणजे सासरे, एसटीत कंडक्टर होते. स्मरणशक्ती म्हणाल तर आजही मिरज-पंढरपूर गाडीचे स्टॉप विचारा, कवठेमहांकाळ, नागज, जुनोनी, सांगोला, मधली बारकी गावं धरून घडाघडा सांगतील, कुठल्या स्टॉपला कोण म्हातारी भाजीची पाटी घेऊन चढायची तेपण सांगतील. म्हणून तर घरात कुणाला वाटलंच नाही की डोक्याचं काही असेल. गडबड दुसरीकडेच होती. चालत्या गाडीत उभं राहून सुट्टे मोजणारा, रात्री डेपोत वेबिल पैशापर्यंत जुळवणारा माणूस दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब घेऊन तासभर बसायचा आणि कागद उलटा करून ठेवून द्यायचा. गॅस पेटवायचे, पातेलं ठेवायचे, आणि साखर आधी की पाणी आधी तिथे अडायचे. टीव्हीवर कुणाचं लग्न लागलं तरी डोळे भरून यायचे, जे आयुष्यात कधी नव्हतं. आणि दिवसदिवस खुर्चीत, ना पेपर ना कट्टा. सासूबाई म्हणायच्या रुसलेत.

आधी ज्यांच्याकडे दाखवलं त्यांनी "वयच आहे हो" म्हणून एक स्मरणशक्तीचं सिरप लिहून दिलं आणि रात्री झोपत नाहीत म्हटल्यावर झोपेची गोळी. गोळीने झोप आली खरी पण दिवसापण येऊ लागली. ते असो.

आता क्लिनिकचं. पहिल्या भेटीचे 800 रुपये, त्यात मेमरीची चाचणी धरूनच, वेगळे पैसे नाहीत, हे चांगलं. डॉक्टरांकडे जायच्या आधी एक मॅडम बसवून चाचणी घेतात, मराठीत, घाई न करता, बाजूला कन्नडमधूनपण चालू होती. 30 मार्कांची असते, मोका म्हणतात तिला. नातेवाईकांनी मागे बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं अशी सक्त ताकीद, कारण आपण लगेच "सांगा की आण्णा" करतो. घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. आण्णांनी गोल मस्त काढला, आकडे काढले, पण सगळे उजवीकडेच कोंबले आणि काटे दहावर आणि अकरावर. अंक आणि अक्षरं आलटून पालटून रेषेने जोडायची होती, तिथे ते एक दोन तीन चार असं सरळच गेले. शंभरातनं सात वजा करत जायचं, त्यात दुसऱ्या पायरीला थांबले, आणि ते थांबणं बघवत नव्हतं खरं सांगायचं तर, कारण माणूस हिशोबाचा.

पण मला या क्लिनिकबद्दल आदर वाटला तो पुढच्या गोष्टीने. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते. थोड्या वेळाने विचारल्यावर आण्णांना दोनच आले. आधीच्या ठिकाणी असतं तर "मेमरी गेली" म्हणून मोकळे झाले असते. मॅडमनी इशारा दिला, "एक फूल होतं बघा काका", की लगेच उत्तर. "एक रंग होता", की लगेच. पाचाचे पाच आले. डॉक्टरांनी नंतर आम्हाला हे नीट समजावलं, की शब्द आत साठवले गेलेत, वेळेवर बाहेर काढता येत नाहीयेत. अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा साठवणंच बिघडतं म्हणून इशारा देऊनही फार उपयोग होत नाही. रक्तवाहिन्यांमुळे जो डिमेन्शिया होतो त्यात आधी वेग जातो, नियोजन जातं, एकामागून एक पायऱ्या लावणं जातं, आठवण बरीच नंतर. गॅसपाशी अडणं, वेबिलवाल्या माणसाला दूधवाल्याचा हिशोब न जमणं, पाय घासणं, उगाच रडू येणं, खुर्चीत बसून राहणं, लघवीची घाई, हे सगळं त्यांनी एका माळेत बसवलं आणि सासूबाईंना म्हणाले, "आजी, रुसलेले नाहीत ते. मेंदूचा पुढचा भाग आणि आतल्या तारा यांच्यात जे दळणवळण असतं ते मंदावलंय." त्या दिवसापासनं घरातली निम्मी भांडणं बंद झाली, त्याचे गुण वेगळे द्यायला हवेत.

एमआरआय करायला लावला. तिथेच करा असा आग्रह नव्हता, बाहेरून करून आणला तरी चालेल म्हणाले, फक्त रिपोर्टचा कागद नको, सीडी आणा. आणि सीडी खरंच लावून बघितली आमच्यासमोर, स्क्रीन आमच्याकडे वळवून. हे लिहून ठेवा, कारण रिपोर्टमध्ये "क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस" (बारीक वाहिन्यांतून रक्त कमी पडल्याच्या जुन्या खुणा) ही ओळ साठीच्या पुढच्या कितीतरी लोकांच्या असते आणि त्या एका ओळीवरनं कुणी घाबरवतं, कुणी "सगळ्यांनाच असतं" म्हणून सोडून देतं. प्रश्न किती आहे आणि कुठे आहे हा असतो. फझेकास नावाची 0 ते 3 अशी ग्रेड असते, 1987 पासून वापरात आहे, 1 म्हणजे ठिपके ठिपके, वयाने असू शकतात, 3 म्हणजे पांढरे पट्टे एकमेकांत मिसळून गेलेले. आण्णांची 3. शिवाय डाव्या थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या खोल आतल्या भागात, एक बारकं भोक, लॅक्यून म्हणतात, मेंदूचा जुना झटका. आम्ही म्हटलं झटका कधी आलाच नाही. डॉक्टर म्हणाले आला, कळला नाही, हात-पाय-वाचा यांच्या वाटेत नसला तर कळत नाही, पण थॅलॅमस ही अशी जागा आहे की तिथे एवढंसं नुकसान झालं तरी माणूस मंद पडू शकतो.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के असेल नसेल पण रक्त मात्र हृदयाच्या एकूण पुरवठ्यातलं साधारण सहावा-सातवा हिस्सा घेतो. मोठ्या नळ्यांमधून निघून खोल आत शिरणाऱ्या ज्या केसासारख्या बारीक वाहिन्या असतात त्यांच्यावर वर्षानुवर्षं चढं बीपी आदळलं की त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आतली जागा अरुंद होते, आणि ज्या भागाला दुसरीकडनं रक्त यायची सोय नाही तो हळूहळू उपाशी पडतो. शुगर आणि तंबाखू याच कामाला हातभार लावतात. आण्णांची बीपीची गोळी वीस वर्षं "चालू" होती, म्हणजे कागदावर. चेक केलं, नॉर्मल आलं, की गोळी बंद, चक्कर आली की परत सुरू. आणि ड्युटीवर असल्यापासून मावा. आमच्याकडे हे घराघरात आहे, त्यात नवीन काही नाही. डॉक्टरांनी रागावून वगैरे काही सांगितलं नाही, फक्त म्हणाले गोळीमुळे नॉर्मल आलं होतं, गोळीची गरज संपली म्हणून नाही.

हेच एक कारण असतं असं नाही हेपण नीट सांगितलं. मोठे मोठे झटके एकामागून एक येऊन पायरीपायरीने उतरत जाणं हा एक प्रकार, एकच झटका पण मोक्याच्या जागी हा दुसरा, आमचा आहे तो बारीक वाहिन्यांचा तिसरा आणि तो बऱ्याचदा पायऱ्यांनी न उतरता उतारासारखा उतरतो, म्हणून अल्झायमरसारखाच वाटतो. हृदयाचे ठोके अनियमित असले तर तिथे गुठळी होऊन मेंदूत जाते, तो आणखी एक मार्ग. फार थोड्या घराण्यांत कॅडासिल नावाचा आनुवंशिक आजार असतो, नॉच3 या जीनमधला, त्यात अर्धशिशी आणि कमी वयात झटके येतात. आमच्याकडे तसं काही नाही म्हणून जीनच्या टेस्ट नाहीत. पॅकेज म्हणून सगळ्या टेस्ट चिकटवणारी लॅब आम्ही आधी पाहिली आहे, त्यामुळे "ही टेस्ट तुम्हाला नको" हे ऐकून फार बरं वाटलं. बी12, थायरॉइड, शुगरची तीन महिन्यांची सरासरी, कोलेस्ट्रॉल, ईसीजी, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, एवढ्याच. मानेतल्या रक्तवाहिनीत थोडं साचलंय पण ऑपरेशनइतकं नाही. बी12 कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत.

सगळ्यात भारी काम तिथल्या सिस्टरनी केलं. आण्णांना पाच मिनिटं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून एका मिनिटाने, परत तीन मिनिटांनी. झोपून 152, उभं राहिल्यावर 126. इतके डॉक्टर झाले, कुणी उभं करून घेतलं नव्हतं. वरचा आकडा उभं राहिल्यावर 20 किंवा जास्त पडला की तो आजार म्हणून धरतात, आणि त्याने माणूस पडतोही आणि मेंदूला रक्तही कमी मिळतं. मग औषधांची पिशवी उलटी केली. प्रोस्टेटसाठी जी गोळी रात्री चालू होती ती बीपी पाडते, तिची वेळ आणि बाकीच्या गोळ्यांची वेळ बदलली, झोपेची गोळी हळूहळू कमी करून बंद करायला सांगितली, एकदम बंद करायची नाही म्हणाले, आणि सर्दीला जी साधी वाटणारी गोळी आम्ही मेडिकलमधनं सहज आणायचो ती म्हाताऱ्या माणसाचं डोकं आणखी सुस्त करते म्हणून घरातनं बाहेर. सिरप बंद. म्हणजे पहिल्या महिन्यात फरक पडला तो औषध वाढवून नाही, कमी करून पडला.

घरी बीपी कसं घ्यायचं तेपण सिस्टरनीच शिकवलं. दंडाला बांधायचं मशीन, मनगटाचं नको. बाही वर सारून उघड्या दंडावर, शर्टावरून नाही. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, लघवी करून आलेलं असावं, आणि मोजताना गप्पा नाहीत. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, आठवडाभर, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. घरचं 135/85 च्या आत असावं असं सर्वसाधारण सांगतात. आण्णांसाठी डॉक्टरांनी आकडा वेगळा ठरवला कारण उभं राहिल्यावर पडतंय. मी नेटवर वाचून विचारलं की 2019 मध्ये अमेरिकेतला अभ्यास आलाय ना, वरचं बीपी 120 च्या खाली ठेवलं तर विस्मरणाची सुरुवात कमी होते म्हणून, मग आपण का नाही? नवऱ्याने डोळे वटारले पण डॉक्टरांनी नीट उत्तर दिलं. तो अभ्यास स्प्रिंट माइंड, त्यात सौम्य विस्मरण साधारण 19 टक्क्यांनी कमी झालं हे खरं, पूर्ण डिमेन्शियातला फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही, आणि मुळात त्यात शुगरचे किंवा आधी झटका आलेले लोक घेतलेच नव्हते. आण्णांना दोन्ही आहे. प्रश्नाला इतकं सरळ उत्तर देणारा डॉक्टर मिळणं हल्ली अवघड.

मेमरीच्या गोळीबद्दलपण खोटी आशा नाही. डोनेपेझिल म्हणून असते, अल्झायमरला देतात, या प्रकारात फायदा झाला तर थोडासाच आणि तिने नाडी मंद होते. आण्णांची नाडी आधीच पन्नासच्या आसपास, म्हणून दिली नाही. ॲस्पिरिन जुन्या झटक्यासाठी, कोलेस्ट्रॉलची गोळी, बीपी, शुगर, मावा बंद, मीठ कमी, रोज चालणं. मीठ म्हणजे दिवसाला एक छोटा चमचा, 5 ग्रॅम, सगळं धरून. आमच्याकडे ताटात लोणचं, वर पापड, मधल्या वेळेला भडंग, त्यामुळे ही लढाई चालू आहे, निकाल यायचाय. कानात मळ होता तो काढायला पाठवलं, त्याने आण्णा एकदम बोलायला लागले दोन दिवस, आम्हाला वाटलं चमत्कार.

जे गेलंय ते परत येणार नाही हे पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितलं होतं. पुढचं लांबवता येतं. आण्णा आता सकाळी नातवाबरोबर कट्ट्यापर्यंत जातात, हिशोब अजून जमत नाही, चहाला मी ओट्यावर पायऱ्यांचा कागद चिकटवलाय, पाणी, साखर, पावडर, दूध, तो वाचून करतात. कधी छान, कधी पाणचट.

आता दीड गुण कुठे गेला ते. साडेनऊची वेळ देतात आणि नंबर लागतो एक वाजता. ठीक आहे, मोठं हॉस्पिटल आहे, समजू शकतो. पण ज्या आजारात माणसाला लघवी थांबवता येत नाही आणि पाय उचलत नाही त्या आजाराच्या क्लिनिकचं टॉयलेट लांबलचक पॅसेजच्या टोकाला, आणि आत जायला एक उंच पायरी, धरायला दांडा नाही? तिथे कुणी आजवर आण्णांच्या चालीने चालून बघितलं नसावं. एक आजोबा आमच्यासमोर अडखळले, वॉर्डबॉयने सावरलं म्हणून बरं. सूचना पेटीत चिठ्ठी टाकलीय, दांडा अजून आलेला नाही.

बाहेर भिंतीवर पोस्टर आहेत ती सगळी अल्झायमरची. डिमेन्शियात त्याच्यानंतर दुसरा नंबर रक्तवाहिन्यांचा लागतो, आणि वय वाढेल तसं दोन्ही एकत्र असण्याचं प्रमाण वाढतं, खुद्द आण्णांच्या एमआरआयमध्येही अल्झायमरची थोडी शंका आहेच. गंमत म्हणजे पूर्वी उलटं होतं, साठच्या दशकापर्यंत म्हातारपणी डोकं गेलं की डोक्याच्या नसा कडक झाल्या म्हणून सगळं त्यांच्यावरच ढकलायचे, मग लंबक असा फिरला की आता नसांचं नावच कुणी घेत नाही. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत 7.4 टक्के, म्हणजे 88 लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया असावा असा 2023 मध्ये आलेला अंदाज आहे. आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगाने टाळता किंवा लांबवता येण्यासारखी जी 14 कारणं मोजली त्यात बीपी, शुगर, धूम्रपान, कोलेस्ट्रॉल, आळशी बसणं, वजन, म्हणजे रक्तवाहिन्यांचीच अर्धी यादी आहे. एवढं असून मिरजेत बीपीचं एक पोस्टर नको का तिथे? बाहेर बसलेल्या पन्नाशीतल्या लेकांनी आणि सुनांनी वाचायला.

तिसरी तक्रार मोठी. समुपदेशक बाई चांगल्या आहेत, पण सगळं नवऱ्याकडे बघून सांगतात. गोळ्या मी देते, बीपीची वही मी लिहिते, रात्री उठते मी, आणि "घरी कोण बघतं?" हा प्रश्न तिसऱ्या भेटीपर्यंत कुणी विचारला नाही. विचारला तेव्हा मात्र अर्धा तास बसवून घेतलं, रात्री पॅसेजला दिवा, सैल सपाता नकोत, दोन तासांनी आपणहून लघवीला नेणं, एका वेळी एकच सूचना देणं, असं कामाचं बरंच सांगितलं. ज्येष्ठांसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर 14567 आहे तोपण त्यांनीच दिला. हे पहिल्या दिवशी झालं असतं तर पूर्ण चार गुण दिले असते. आणि सहीचे फॉर्म इंग्रजीत, व्यायामाचा झेरॉक्स कागद इतका पुसट की चित्रातला माणूस उभा आहे का बसलाय ते कळत नाही.

जाणार असाल तर चालू असलेली सगळी औषधं, मेडिकलमधनं आणलेली आणि आयुर्वेदिक धरून, पिशवीत घालून न्या. जुना एमआरआय असेल तर सीडी न्या. माणूस आधी कसा होता आणि नेमकं काय जमेनासं झालं हे तारीखवार एका कागदावर लिहा, "विसरतात" एवढंच लिहू नका. बोलणं अडखळायला लागलं, तोंड वाकडं झालं, हात गळाला असं अचानक काही झालं तर मात्र या क्लिनिकच्या दिवसाची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीला, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. अपॉइंटमेंट फोनवरच मिळते, व्हॉट्सॲपला उत्तर येत नाही, आणि फोन दुपारी तीननंतर करा, सकाळी कुणी उचलत नाही.